घराची वही

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडला. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरहून अधिक होता. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर या पट्ट्यातील माडा-पोफळींच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून फळ धरेपर्यंत पाच-सात वर्षे जातात. आजोबांनी लावलेल्या बागेवर नातू जगतो, अशी ही शेती. भट घराण्यातील पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे हे गाव सुपारीसाठी सर्वत्र प्रसिद्ध आहे आणि येथील बाजारपेठेचे सारे अर्थकारण या बागा, मासेमारी आणि अलीकडे वाढलेले पर्यटन यांवर उभे आहे. त्या दिवशी बागा पडल्या, होड्या फुटल्या. पर्यटन तर टाळेबंदीमुळे मार्चअखेरीपासूनच थांबले होते.

बँकेच्या सेवेतून निवृत्त होऊन मी श्रीवर्धनला स्थायिक झालो होतो. वाऱ्याने आमच्या घराचे पत्रे उडाले आणि माळ्यावरची पत्र्याची पेटी पावसात सापडली. पेटीत आमची पासबुके, मुदत ठेवींच्या पावत्या, विम्याचे कागद, सारे काही होते. दुसऱ्या दिवशी ऊन पडताच, ज्या अंगणात हिवाळ्यात महिना-दीड महिना सुपारी सुकत असते, त्याच अंगणात माझ्या पत्नीने ते कागद दगड ठेवून एकेक करून पसरले. पसरता पसरता तिने विचारले, “यात काय काय होतं? किती होतं?”

मला सांगता येईना. छत्तीस वर्षे लोकांची खाती सांभाळणाऱ्या, कर्ज मागायला आलेल्या प्रत्येकाला ताळेबंद विचारणाऱ्या मला स्वतःच्या घराचा ताळेबंद तोंडपाठ नव्हता. आणि जिच्यासाठी तो सारा संचय होता, तिला तर तो कधीच दाखवलेला नव्हता. ती रागावली नाही. “उद्या तुम्हाला काही झालं असतं, तर मी कोणत्या बँकेत गेले असते?” एवढेच ती म्हणाली. तो प्रश्न मला आजवर सोडून गेलेला नाही. प्रस्तुत लेख त्या प्रश्नातून निघाला आहे आणि तो मुख्यतः आपल्या व्यापारी घरांतील नवदांपत्यांसाठी आहे.

एक नवदांपत्य

त्याच महिन्यात बाजारपेठेतील एक तरुण दुकानदार आणि त्याची पत्नी माझ्याकडे आले. लग्नाला जेमतेम दोन वर्षे झालेली. किराणा-भुसाराचे वडिलोपार्जित दुकान. पावसाचे पाणी शिरून साखर, आटा, डाळी गेलेल्या. घरात आई-वडील.

“काका, नुकसान किती झालं ते लिहून द्यायचं आहे,” तो म्हणाला. मालाचा अंदाज तासाभरात निघाला. मग मी विचारले, “दुकान तीन महिने नीट चाललं नाही, तर घराला किती लागतील?” दोघे एकमेकांकडे पाहू लागले. तो म्हणाला, “पंधरा हजार पुरत असतील महिन्याला.” सूनबाई वाणिज्य शाखेची पदवीधर. ती जरा थांबून म्हणाली, “मला खरंच माहीत नाही. लागेल तसे गल्ल्यातून घेतो.”

हे उत्तर मी नोकरीत अनेकदा ऐकले होते. पगारदार माणसाला निदान आपले उत्पन्न किती, हे तरी ठाऊक असते. व्यापारी घरातील दांपत्याला मालाचा भाव, व्याजाचा दर, ग्राहकाची पत हे सारे बारकाईने कळते. पण घराचे उत्पन्न किती आणि खर्च किती, हे मात्र सांगता येत नाही. कारण गल्ला आणि घराची पेटी यांच्यामधली भिंत कधी बांधलेलीच नसते. मी त्यांना एकच काम सांगितले : तीन महिने साध्या शाळेच्या वहीत रोज घरखर्च लिहा. गल्ल्यातून घेतलेली रोकड लिहा, फोनवरून दिलेले पैसे लिहा, आणि दुकानातून घरात गेलेले तेल, साखर, साबण हेही खरेदीभावाने लिहा.

तीन महिन्यांनी सूनबाईंनी वही आणली. पतीचा अंदाज पंधरा हजारांचा, सासऱ्यांचा बारा हजारांचा होता. वहीत सरासरी निघाली २३,५०० रुपये. त्यांतले पाच हजारांहून अधिक असे होते की ते कशावर गेले, हे दोघांपैकी कोणालाही आठवेना. उधळपट्टी कोणीच करत नव्हते. केवळ लिहिले जात नव्हते म्हणून ते दिसत नव्हते.

गल्ला म्हणजे उत्पन्न नव्हे

येथे थोडे गणित करू. आकडे समजण्यास सोपे जावेत म्हणून गोळाबेरीज केलेले आहेत. समजा, दुकानाची महिन्याची विक्री ५ लाख रुपये आहे. किराणा-भुसारात सरासरी १२ टक्के सुटतात असे धरू. म्हणजे ६०,००० रुपये. त्यांतून नोकराचा पगार, वीज, हमाली, वाहतूक, बँकेचे व्याज असे १८,००० वजा केले की उरतात ४२,०००. हे या घराचे उत्पन्न. गल्ल्यातून महिनाभरात पाच लाख फिरतात म्हणून हात सैल होतो. पण त्यांतले साडेचार लाखांहून अधिक हे घाऊक व्यापाऱ्याचे, नोकराचे आणि बँकेचे असतात. ते केवळ आपल्या हातांतून जातात.

एखाद्या संध्याकाळी गल्ल्यातून सहज घेतलेले २,००० रुपये पुन्हा उभे करायचे, तर १२ टक्के सुटीने सुमारे १६,७०० रुपयांचा माल विकावा लागतो. हा हिशेब मी त्या तरुणाला कागदावर करून दाखवला, तेव्हा तो बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिला. मला वाटते, तेथून त्याचा विचार बदलला.

उधारीचा मोसम हा दुसरा भाग. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या दोन महिन्यांत कोळीवाड्यातील ग्राहक उधारीवर माल नेतो आणि होड्या पुन्हा समुद्रात गेल्यावर फेडतो. बागायतदाराच्या हाती पैसा सुपारी सुकून विकली गेल्यावर येतो. पर्यटक दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात येतात. म्हणजे दुकानाचे उत्पन्न भरती-ओहोटीसारखे, आणि घराचा खर्च मात्र बारा महिने सारखा. शाळेची फी, औषधे, गॅसची टाकी ही मोसम पाहून येत नाहीत. भरतीच्या महिन्यात हात सैल आणि ओहोटीच्या महिन्यात गल्ला कोरडा, मग घाऊक व्यापाऱ्याचे देणे लांबवायचे, या चक्रात अनेक चांगली दुकाने पत गमावतात.

घराला पगार

यावर उपाय जुनाच आहे : घराला दुकानातून ठरावीक पगार द्यावा. वर्षाच्या निव्वळ उत्पन्नाचा हात राखून अंदाज घ्यावा, बारा महिन्यांनी भागावे, आणि ठरलेली रक्कम दरमहा एका तारखेला दुकानाच्या चालू खात्यातून घराच्या बचत खात्यात वळती करावी. त्या तारखेनंतर गल्ल्याला हात लावायचा नाही. चांगल्या महिन्यातील जादा पैसा दुकानातच, पण निराळ्या खात्यात ठेवावा. ओहोटीच्या महिन्यात घराचा पगार त्या खात्यातून निघावा.

त्या तरुणाने हे घरी सांगितले, तेव्हा वडिलांना ते रुचले नाही. ते स्वतः माझ्याकडे आले. “अहो साहेब, आपल्याच दुकानातून पगार घ्यायचा? आम्ही काय नोकर आहोत?” त्यांच्या बोलण्यात दुखावलेपण होते. ज्या माणसाने चाळीस वर्षे एकहाती दुकान सांभाळले, त्याला हा आपल्यावरचा अविश्वास वाटणे स्वाभाविक होते. मी वाद घातला नाही. केवळ विचारले, “शेठ, तुमच्या वडिलांच्या जुन्या वह्या आहेत का घरात?”

वह्या होत्या. लाल कापडी बांधणीच्या, वादळातून कशाबशा वाचलेल्या. खतावणी उघडताच पहिल्या काही पानांत ‘घरखर्च खाते’ सापडले. देशी नामेपद्धतीत ते असतेच. दुकानातून घरी गेलेली लहानसहान वस्तूही त्यांच्या वडिलांनी तारीखवार नावे टाकली होती. शेठ चष्मा लावून बराच वेळ ती पाने उलटत राहिले. मग म्हणाले, “बापूंचं अक्षर. मी हे खातं लिहायचं कधी सोडलं, ते मलाच आठवत नाही.” त्या दिवसानंतर त्यांचा विरोध उरला नाही.

वाणिज्य शाखेत पहिल्याच वर्षी शिकवतात की हिशेबाच्या दृष्टीने धंदा आणि धंद्याचा मालक या दोन भिन्न व्यक्ती आहेत. मालकाने नेलेला पैसा ‘उचल’ म्हणून त्याच्या नावे पडला पाहिजे. आपल्या पूर्वजांनी कोणतीही पदवी न घेता हे पाळले होते. आज वस्तू व सेवा कराच्या नियमांनुसारही, घरी वापरलेल्या मालावर भरलेल्या कराची वजावट दुकानाला घेता येत नाही. तेव्हा हा हिशेब ठेवणे आता कायद्याचीही गरज आहे.

आपल्या परंपरेतही या विभागणीचे उदाहरण आहे. उपासकदशांग सूत्रात वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाची कथा येते. त्याच्या गोधनाखेरीज जी सुवर्णसंपत्ती होती तिचे तीन समान भाग सांगितले आहेत : चार कोटी निधानात, म्हणजे सुरक्षित ठेव म्हणून, चार कोटी वृद्धीसाठी व्यापार-व्याजात, आणि चार कोटी घरसंसाराच्या विस्तारात. भगवान महावीरांसमोर त्याने परिग्रहाचे परिमाण केले ते याच आकड्यांवर. परिमाण करायचे तर आधी आपल्यापाशी काय आहे, हे मोजलेले असावे लागते. आणखी एक गोष्ट कथेत आहे, जिच्याकडे आपले लक्ष कमी जाते : त्याची पत्नी शिवानंदा हिनेही स्वतः जाऊन श्राविकेची व्रते घेतली.

पगाराची वाटणी

वरच्या उदाहरणातील ४२,००० पैकी ३२,००० रुपये घराचा पगार धरू आणि १०,००० दुकानाच्या वाढीसाठी व राखीवेसाठी ठेवू. घराच्या ३२,००० ची वाटणी अशी करता येईल : घरखर्च २०,०००, आरोग्य आणि आयुर्विम्याचे हप्ते यांसाठी २,०००, आपत्कालीन निधी ३,०००, दीर्घ मुदतीची बचत ५,०००, आणि पती-पत्नी दोघांना प्रत्येकी १,००० रुपये हातखर्च, ज्याचा हिशेब कोणी कोणाला विचारायचा नाही. ही शेवटची रक्कम लहान वाटेल. पण तिच्यामुळे सुनेला माहेरच्या भाचीसाठी खाऊ घेताना सासूबाईंकडे पाहावे लागत नाही आणि मुलाला मित्रांबरोबर चहा पिताना गल्ला आठवत नाही. संसारातील कितीतरी कुरबुरी हजार रुपयांच्या या मोकळिकीने टळतात.

बचतीचे ८,००० रुपये महिनाअखेरीस ‘उरल्यास’ टाकायचे नाहीत. पगाराच्या दुसऱ्याच दिवशी ते आपोआप वळते व्हावेत, अशी सूचना बँकेला देऊन ठेवावी. उरलेले बाजूला टाकू म्हणणाऱ्यांची आवर्ती ठेव खाती सहा-आठ महिन्यांत बंद पडलेली मी असंख्य पाहिली आहेत.

आपत्कालीन निधी किती असावा? निदान सहा महिन्यांचा घरखर्च आणि विम्याचे हप्ते. आपल्या उदाहरणात २२,००० गुणिले ६, म्हणजे १,३२,००० रुपये. दरमहा ३,००० प्रमाणे तो पूर्ण व्हायला तीन वर्षे आठ महिने लागतील. लागू द्यावेत. हा निधी तीन ठिकाणी ठेवावा. काही भाग बचत खात्यात. मोठा भाग केव्हाही मोडता येईल अशा मुदत ठेवीत. आणि दहा-पंधरा दिवसांच्या खर्चाइतकी रोकड घरात, लहान नोटांत. ‘रोकड घरात ठेवा’ असे सांगणारा बँकेचा माणूस विरळाच. पण ‘निसर्ग’नंतर श्रीवर्धनमध्ये अनेक दिवस वीज नव्हती, फोन लागत नव्हते. अशा वेळी खात्यात लाख रुपये असूनही मेणबत्तीचे पुडके आणि दूध रोखीनेच घ्यावे लागत होते. हा अनुभव किनाऱ्यावरील माणसाने विसरू नये.

दीर्घ बचतीबाबत एकच हिशेब देतो. दरमहा ५,००० रुपये वार्षिक ७ टक्के दराने, महिन्याची चक्रवाढ धरून, २० वर्षे ठेवले तर सुमारे २६ लाख रुपये होतात. हीच बचत पाच वर्षे उशिरा सुरू करून १५ वर्षे केली, तर सुमारे १५ लाख ८५ हजार. म्हणजे त्या पाच वर्षांत वाचवलेले हप्ते तीन लाखांचे. पण शेवटी कमी पडले दहा लाख. ‘आधी जरा स्थिरावू, मग बचत करू’ असे म्हणणाऱ्या नवदांपत्याने हा आकडा समोर ठेवावा.

दुकानाचा हात पोहोचणार नाही अशी जागा

आपली बहुतेक दुकाने एकट्याच्या मालकीची किंवा भागीदारीची असतात. कायद्याच्या दृष्टीने अशा धंद्याचे देणे हे मालकाचे वैयक्तिक देणे असते; धंदा बुडाला तर धनको घरापर्यंत येऊ शकतो. म्हणून नवदांपत्याने काही संचय असा करावा, जेथे दुकानाच्या देण्याचा हात पोहोचणार नाही. कोणाला फसवण्यासाठी हे नाही. प्रामाणिक माणसाच्या धंद्यालाही वादळ लागते.

पहिले साधन म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, अर्थात पीपीएफ. १९६८ पासून चालत आलेल्या या योजनेची मुदत १५ वर्षे. वर्षाला कमीत कमी ५०० आणि जास्तीत जास्त दीड लाख रुपये भरता येतात. व्याजदर सरकार दर तिमाहीला जाहीर करते. एप्रिल २०२० पासून तो ७.१ टक्के ठेवला गेला. या खात्यातील रक्कम खातेदाराच्या कर्जापोटी न्यायालयाच्या आदेशानेही जप्त होत नाही. सरकारी कराच्या थकबाकीबाबत मात्र हे संरक्षण गृहीत धरू नये. पती आणि पत्नी दोघांनी आपापल्या नावे स्वतंत्र खाते उघडावे.

दुसरे साधन आयुर्विमा. बचत आणि विमा यांची सरमिसळ न करता, केवळ मृत्यूनंतर रक्कम देणारा मुदत विमा घ्यावा. कमी हप्त्यात मोठे संरक्षण त्यानेच मिळते. पॉलिसी घेताना विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेविषयीच्या १८७४ च्या कायद्यातील कलम ६ खाली ती पत्नी व मुलांच्या लाभासाठी असल्याचे नमूद करावे. हा कायदा दीडशे वर्षांचा; पण आपल्यापैकी फार थोड्यांना तो ठाऊक आहे. अशा पॉलिसीची रक्कम पत्नी-मुलांसाठी विश्वस्त निधी ठरते आणि पतीच्या धनकोंना तिच्यावर हक्क सांगता येत नाही. मात्र हप्ते धनकोंना फसवण्याच्या हेतूने भरले असल्यास तेवढ्यापुरता अपवाद आहे. ही नोंद पॉलिसी घेतानाच करावी लागते, मागाहून होत नाही.

तिसरी गोष्ट स्त्रीधनाची. आपल्या घरांत सोने हीच मोठी बचत असते, आणि अडचणीच्या वेळी पहिला हात सुनेच्या दागिन्यांकडे जातो. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ जैनांनाही लागू आहे आणि त्याच्या कलम १४ नुसार स्त्रीच्या ताब्यातील अशी संपत्ती ही तिची संपूर्ण मालकीची असते. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केले की विवाहाने स्त्रीधन पतीच्या मालकीचे होत नाही. तिच्या राजीखुशीने दागिने तारण ठेवले, तर दुकानाच्या वहीत ते तिच्याकडून घेतलेले कर्ज म्हणून तारखेसह जमा करावे आणि घाऊक व्यापाऱ्याच्या देण्याइतक्याच काटेकोरपणे फेडावे. नवे दागिने घेताना हेही लक्षात असावे की घडणावळ आणि कर मोडताना परत मिळत नाहीत. सणासुदीच्या हौसेसाठी दागिना जरूर घ्यावा, पण त्याला आपत्कालीन निधी समजू नये.

ठेव कोठे ठेवावी

लहान गावात ठेवीचा निर्णय ओळखीवर होतो. अध्यक्ष आपल्या नात्यातले, व्यवस्थापक शेजारचे. ओळख जरूर असावी, परंतु तिच्याबरोबर एक नियमही ठाऊक असावा. बँकेतील ठेवींना ठेव विमा व पतहमी महामंडळाचे संरक्षण असते. ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा प्रत्येक ठेवीदारास प्रत्येक बँकेत, मुद्दल व व्याज मिळून, ५ लाख रुपये झाली. त्यापूर्वी १९९३ पासून ती केवळ १ लाख होती. नागरी सहकारी बँकांनाही हे संरक्षण आहे. पतसंस्थांना नाही. व्याज एक टक्का अधिक मिळते म्हणून सारी पुंजी पतसंस्थेत ठेवणाऱ्याने हा फरक आधी समजून घ्यावा. भिशीने बचतीची सवय लागते, शेजारधर्मही टिकतो. पण तिला कोणतेही संरक्षण नाही, म्हणून तिच्यात गेली तरी चालेल एवढीच रक्कम घालावी.

व्यापाऱ्यांसाठी आणखी एक बारकावा. एकट्याच्या मालकीच्या दुकानाचे खाते आणि त्याच मालकाचे वैयक्तिक खाते एकाच बँकेत असल्यास दोन्हींची बेरीज करून ५ लाखांची मर्यादा लागते. पत्नीच्या नावचे खाते आणि दोघांचे संयुक्त खाते मात्र स्वतंत्र धरले जाते. घराचे खाते दुकानाच्या बँकेहून निराळ्या बँकेत ठेवणे म्हणूनच श्रेयस्कर. कर्जाची बँक आणि बचतीची बँक एक नसली की मनही निर्धास्त राहते.

महिन्यातील एक तास

हे सारे एकट्या पतीने केले तर निम्मेच झाले. २०२१ च्या त्या कठीण वर्षात पतीच्या मागे राहिलेल्या भगिनी माझ्याकडे सल्ल्यासाठी येत. त्यांच्या पिशवीत कागदांचा गठ्ठा असे आणि त्यांतले कोणते जिवंत, कोणते मेलेले, हे त्यांना माहीत नसे. एकीच्या हाती सात वर्षांपूर्वी संपलेली विम्याची पॉलिसी होती आणि चालू पॉलिसीचा पत्ताच नव्हता. ती आम्हांला शेवटी बँकेच्या उताऱ्यातील हप्त्याच्या नोंदीवरून सापडली. दुःखाच्या त्या दिवसांत तिला उतारे चाळत बसावे लागले. पती कर्तबगार होता, प्रेमळ होता. केवळ सांगायचे राहून गेले होते.

म्हणून प्रत्येक महिन्यात, पगाराच्या तारखेच्या आसपास, एक तास दोघांनी वही घेऊन बसावे. वहीच्या शेवटच्या पानांवर एक यादी असावी : कोणत्या बँकेत कोणते खाते, कोणती ठेव केव्हा मुदत पूर्ण करते, विमा कोणता, कर्ज कोणाचे, हातउसने कोणाला दिले, लॉकर कोठे, प्रत्येक ठिकाणी वारसनोंद कोणाची. लग्नापूर्वी उघडलेल्या खात्यांवर अजून आई-वडिलांचेच नाव असते. ते मुद्दाम तपासावे. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यावर चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते, तेव्हा आई-वडील की पत्नी, असा पेचही आता राहिलेला नाही. मात्र नामनिर्देशित व्यक्ती ही रक्कम स्वीकारणारी विश्वस्त असते, मालकी वारसाहक्काने ठरते. म्हणून दोन ओळींचे का होईना, मृत्युपत्र करून ठेवावे. तरुण वयात हा विषय अशुभ वाटतो, पण वादळ वय विचारत नाही.

त्या दांपत्याचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. पहिल्या वर्षी घराला पगार फारच थोडा मिळाला. दुकान सावरल्यावर तो वाढला. काही काळाने तो तरुण मोटारसायकलवरून पडला आणि सहा आठवडे अंथरुणाला खिळला. त्या काळात शेठ गल्ल्यावर बसले आणि कीर्द सूनबाईंनी लिहिली. रुग्णालयाचे बिल विम्यातून आणि उरलेले आपत्कालीन निधीतून गेले. घाऊक व्यापाऱ्याचा एकही धनादेश लांबला नाही, आणि पाच तारखेला घराचा पगार नेहमीप्रमाणे निघाला. हे मला शेठनीच येऊन सांगितले. ज्या वहीला त्यांचा विरोध होता, ती त्यांनी काखेत धरून आणली होती.

आमच्या घरी ती पत्र्याची पेटी आता नाही. कागद एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, यादीसह कपाटात आहेत आणि यादी माझ्या पत्नीच्या अक्षरात आहे. उशिरा सुचलेले हे शहाणपण तुम्हांला लवकर सुचावे. येत्या दिवाळीला वहीपूजन कराल तेव्हा दुकानाच्या वहीशेजारी एक घराचीही वही ठेवा, आणि तिच्या पहिल्या पानावर दोघांनी मिळून पहिली नोंद करा.